‘नुसतं टेंगूळ आहे’ : अनंत चतुर्दशीच्या रात्री इंदूरच्या इमर्जन्सीत काय घडलं

रामबागेच्या परिसरात राहणाऱ्या एका मराठी कुटुंबाने हे प्रकरण लिहायला परवानगी दिली. नावं लिहिलेली नाहीत आणि ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत. मी इंदुरातच दुसऱ्या एका रुग्णालयाच्या आपत्कालीन विभागात डॉक्टर आहे. त्या रात्री मी तिथे नव्हते. कुटुंबाने केस पेपरच्या प्रती, सीटी स्कॅनचे रिपोर्ट आणि डिस्चार्ज कार्ड दाखवलं. सुनेशी आणि धाकट्या मुलाशी सविस्तर बोलणं झालं, आणि त्या रात्री दारावर ड्यूटीला असलेल्या सिस्टरनेही मोकळेपणाने सांगितलं. तिच्या बोलण्याशिवाय हे लेखन एकतर्फी झालं असतं.

पार्श्वभूमी

अण्णांचं वय ७२. निवृत्त शिक्षक, घरात पत्नी, धाकटा मुलगा, सून आणि नात. थोरला मुलगा पुण्यात. पंधरा-एक वर्षांपासून रक्तदाब. चार वर्षांपूर्वी हृदयाचे ठोके अनियमित पडतात असं निदान झालं, म्हणजे एट्रियल फिब्रिलेशन. या आजारात हृदयाच्या वरच्या कप्प्यात रक्त साकळून गुठळी होऊ शकते आणि ती मेंदूत गेली तर पक्षाघात होतो. म्हणून त्यांना असेनोकुमॅरॉल सुरू होतं. आपल्याकडे ते ‘एसिट्रॉम’ या नावाने जास्त ओळखलं जातं. ही गोळी घेणाऱ्याला रक्त किती पातळ आहे हे सांगणारी आयएनआर नावाची रक्ततपासणी ठरावीक काळाने करावी लागते. अण्णांसाठी तो आकडा २ ते ३ च्या दरम्यान असायला हवा होता.

गणपतीच्या दिवसांत त्यांचं पोट बिघडलं. जवळच्या मेडिकलवरून मेट्रोनिडाझोल आणून चार दिवस घेतलं. जुलाब थांबले, सगळे विसरले. पण मेट्रोनिडाझोलमुळे असेनोकुमॅरॉलचा परिणाम वाढतो आणि रक्त ठरल्यापेक्षा जास्त पातळ होतं. औषध चिठ्ठीशिवाय घेतलं, त्यामुळे ही गोष्ट कुणाच्या लक्षात येण्याची संधीच आली नाही. आयएनआर तर दोन महिन्यांत झालाच नव्हता.

अनंत चतुर्दशीची रात्र. इंदुरात राहणाऱ्यांना या रात्रीबद्दल सांगायला नको. कापड गिरण्यांच्या झांक्या, म्हणजे चित्ररथ, निघतात, जेल रोड, एम. जी. रोड, कृष्णपुरा, राजवाडा सगळं माणसांनी भरून वाहतं, आणि मिरवणूक पहाटेपर्यंत चालते. गिरण्या बंद पडून कित्येक वर्षं झाली तरी झांक्या थांबल्या नाहीत, याचा मला फार अभिमान वाटतो. पण त्या रात्री शहराच्या मधल्या भागात आजारी पडणं अवघड असतं.

साडेनऊच्या सुमारास अण्णा न्हाणीघरात घसरले. उजव्या कानाच्या वर बेसिनची कड लागली. शुद्ध हरपली नाही. स्वतः उठून बाहेर आले, ‘काही नाही, नुसतं टेंगूळ आलंय’ म्हणाले. सुनेने बर्फ लावला.

अडचण

पहिला तासभर खरंच काही झालं नाही. शेजारच्या काकूंनी दुखण्यासाठी इबुप्रोफेन असलेली गोळी आणून दिली होती. सुनेने ती दिली नाही. कारण मात्र वेगळं होतं, अण्णांना पित्ताचा त्रास होता म्हणून तिला नको वाटली. हा योगायोग भाग्याचा. रक्त पातळ ठेवणाऱ्या औषधावर असलेल्या माणसाला अशी वेदनाशामक गोळी दिली तर रक्तस्राव वाढतो. दुखलंच तर पॅरासिटामॉल, आणि डोक्याला मार असेल तर तेही डॉक्टरांना विचारून.

पावणेअकराला डोकं ठणकायला लागलं आणि एक उलटी झाली.

इथे पहिला निर्णय घ्यायचा होता, आणि घरात चार मतं होती. अण्णा स्वतः म्हणत होते, झोपू द्या, सकाळी आपल्या डॉक्टरांना दाखवू. पत्नीचं म्हणणं, कोपऱ्यावरच्या नर्सिंग होममध्ये जाऊन टाका-बिका आहे का ते बघून येऊ. मुलाला एम. वाय. म्हणजे महाराजा यशवंतराव रुग्णालय आठवलं. सरकारी, मोठं, रात्रंदिवस उघडं. पण वाटेत सगळी मिरवणूक. सुनेने मैत्रिणीला फोन केला, ती फिजिओथेरपिस्ट आहे, आणि तिने एकच प्रश्न विचारला, ‘तिथे रात्री सीटी स्कॅन होतो का?’

तो योग्य प्रश्न होता. डोक्याला मार लागल्यावर कवटीच्या आत रक्त साचतंय का हे बाहेरून दिसत नाही. साध्या एक्स-रेतही मेंदू दिसत नाही. जिथे रात्री सीटी होत नाही तिथे नेलं असतं तर टेंगळावर मलम लागलं असतं, बीपी तपासलं असतं, ‘लक्ष ठेवा’ सांगितलं असतं, आणि मग दुसरीकडे पाठवलं असतं. मधला तासभर वाया गेला असता. छोट्या दवाखान्यांचा मान ठेवून सांगते, या एका गोष्टीसाठी ते योग्य ठिकाण नाहीत.

१०८ ला फोन करावा का, हाही विचार झाला. मध्य प्रदेशात ती सेवा मोफत आहे. मुलाने आपल्या गाडीनेच न्यायचं ठरवलं, कारण अण्णा चालत होते आणि पोलोग्राउंडच्या बाजूने वळसा घेऊन मिरवणुकीबाहेर निघता येईल असं त्याला वाटलं. मी असते तर १०८ बोलावली असती. उलटी झालेल्या, डोक्याला मार लागलेल्या माणसाला वाटेत झटका आला किंवा गुंगी आली, तर गाडी चालवणारा मुलगा काय करणार? पण मुलाचा निर्णय अविचाराचा नव्हता, आणि ते पाऊण तासात पोचले.

दारात पोचल्यावर

११:४० ला ते एका खासगी रुग्णालयाच्या इमर्जन्सीच्या दारात होते. आत गेल्या गेल्या डॉक्टर भेटतील ही अपेक्षा. भेटल्या त्या सिस्टर. त्यांनी नाडी, रक्तदाब, श्वास, ऑक्सिजन आणि बोटातून रक्त काढून साखर बघितली, नाव-गाव-तारीख विचारली, हातपाय हलवायला सांगितले, डोळ्यांत टॉर्च मारला. पाच मिनिटांत सगळं. मग हातावर पिवळी पट्टी बांधली आणि बाहेरच्या खुर्च्यांकडे बोट दाखवलं.

याला ट्रायाज म्हणतात. आलेल्या प्रत्येकाची झटपट तपासणी करून कुणाला आत्ताच्या आत्ता, कुणाला थोड्या वेळाने आणि कुणाला निवांत बघायचं ते ठरवलं जातं. बऱ्याच ठिकाणी लाल, पिवळा आणि हिरवा हे तीन रंग वापरतात. लाल म्हणजे जीव धोक्यात आहे, लगेच आत. पिवळा म्हणजे प्रकृती गंभीर होऊ शकते, पण आत्ता स्थिर आहे. हिरवा म्हणजे थांबता येईल. बँकेत टोकन घेतल्यासारखा हा क्रम नसतो. तुमच्यानंतर आलेला माणूस तुमच्याआधी आत जातो, आणि तसंच व्हायला हवं.

केस पेपरवर त्या वेळची नोंद आहे: शुद्धीचा गुणांक १५ पैकी १५, रक्तदाब १५०/९०, नाडी ८८ आणि अनियमित, साखर १४२. तक्रार : ‘घरी घसरून पडले, डोक्याला मार, एक उलटी.’ चालू औषधे : ‘बीपी, हार्ट.’

शेवटच्या त्या दोन शब्दांवर पुढचं सगळं अवलंबून होतं.

सिस्टरने हिंदीत विचारलं होतं, कोणती औषधं चालू आहेत. मुलाने उत्तर दिलं, ‘बीपी की और हार्ट की।’ खोटं काहीच नव्हतं. कुटुंबात त्या गोळीला ‘हार्टची गोळी’च म्हणत. सकाळी बीपीची, रात्री हार्टची. चार वर्षांपूर्वी डॉक्टरांनी ‘रक्त पातळ राहील’ असं सांगितलेलं अण्णांना पक्कं माहीत होतं, पण अण्णांना कुणी विचारलंच नाही. मुलगा पुढे होऊन बोलत होता आणि अण्णा खुर्चीत डोळे मिटून बसले होते. माझ्या अनुभवात हे रोज होतं. म्हातारा माणूस शुद्धीवर असतो, त्याला आपला आजार नीट ठाऊक असतो, आणि बोलतात सगळे नातेवाईक. काळजीपोटीच बोलतात, पण मग रुग्णाकडची माहिती रुग्णाकडेच राहते.

पोलिसांची भीती

नोंदणीच्या खिडकीवर दुसरा पेच आला. कारकुनाने विचारलं, ‘चोट कैसे लगी? एमएलसी बनेगी।’ एमएलसी म्हणजे मेडिको-लीगल केस. डोक्याला मार, भाजणं, विषबाधा, अपघात अशा प्रकारांत रुग्णालय तशी नोंद करतं आणि पोलिसांना कळवतं. मुलगा घाबरला. उद्या पोलीस घरी आले तर? म्हाताऱ्या बापाला ढकललं असं कुणी म्हटलं तर? मागे उभ्या असलेल्या कुणीतरी सल्ला दिला की पडले असं सांगूच नका, चक्कर आली म्हणा.

मुलाने तसं सांगितलं नाही. या प्रकरणातला हा सगळ्यात मोलाचा निर्णय होता असं मला वाटतं, आणि तो त्याने कुणाच्या मार्गदर्शनाशिवाय घेतला. ‘पडले’ लपवून ‘चक्कर, डोकेदुखी, उलटी’ एवढंच सांगितलं असतं तर डॉक्टरांचा विचार कानाच्या आजाराकडे, रक्तदाबाकडे किंवा पक्षाघाताकडे गेला असता. मानेला आणि खुब्याला इजा झाली आहे का हे बघायचंही राहून गेलं असतं. अपघाताची खरी हकीगत हीच निदानाची पहिली पायरी असते.

एमएलसी म्हणजे गुन्हा दाखल होणं नव्हे. ती नोंद आहे. घरात पडल्याची हकीगत पोलीस लिहून घेतात, आणि बहुतेक वेळा विषय तिथेच संपतो. त्या नोंदीसाठी उपचार थांबवता येत नाहीत. सर्वोच्च न्यायालयाने १९८९ साली परमानंद कटारा खटल्यात स्पष्ट सांगितलं आहे की सरकारी असो वा खासगी, प्रत्येक डॉक्टरने जखमीला आधी वैद्यकीय मदत द्यायची, कायद्याचे सोपस्कार मागून. अनामत रकमेचंही तेच. जीव वाचवणारा पहिला उपचार पैसे भरण्यावर अडवून ठेवायचा नसतो. भरतीची वेळ आली की पैशांचा विषय निघतो, आणि तिथे तो निघणं रास्त आहे.

पाऊण तास

खुर्च्यांवर बसून त्यांनी काय पाहिलं? दुचाकीवरून पडलेला एक तरुण, रक्ताने माखलेला, थेट आत. छातीत दुखत असलेला एक गृहस्थ, थेट आत. झटके येणारं तीन-चार वर्षांचं मूल, आई रडत धावत आलेली, थेट आत. मिरवणुकीत चेंगरून पायाला लागलेले दोघं-तिघं त्यांच्याप्रमाणेच बाहेर. साडेबाराला मुलाचा तोल सुटला. ‘आम्ही आधी आलोय, म्हाताऱ्या माणसाला कुणी बघणार आहे की नाही?’ सुरक्षारक्षक मध्ये आला. आवाज चढले.

मला मुलाचा राग समजतो. त्या पाऊण तासात कुणीही येऊन ‘तुम्ही आमच्या लक्षात आहात, आत एक बाळ अत्यवस्थ आहे, साधारण इतका वेळ लागेल’ असं सांगितलं नव्हतं. थांबावं लागणं ही रुग्णालयाची चूक नव्हती. त्यांना काहीच न सांगता बसवून ठेवणं ही चूक होती. शिवाय पिवळ्या पट्टीच्या रुग्णाला ठरावीक वेळाने पुन्हा तपासायचं असतं, त्या पेपरवर पुन्हा तपासल्याची नोंद नाही. सिस्टरने मला सांगितलं, दारावर त्या एकट्या होत्या आणि अर्ध्या तासात पंधराच्या वर माणसं आली होती. तिचं म्हणणं खरं आहे. पण अनंत चतुर्दशी अचानक येत नाही, तारीख वर्षभर आधी पंचांगात असते.

भांडण सुरू असताना सून अण्णांजवळ बसली होती. अण्णा म्हणाले, डोकं जास्तच दुखतंय, आणि ती गोळी आज द्यायची राहिली की घेतली? आठ वाजता घेतली होती. सुनेने पिशवी उघडली. निघताना तिने औषधांचा अख्खा डबाच पिशवीत टाकला होता. तिने त्या गोळ्यांची पट्टी काढली, भांडणाच्या बाजूने वाट काढत सिस्टरकडे गेली आणि शांतपणे दोनच गोष्टी सांगितल्या. ‘सिस्टर, यह खून पतला करने की दवा है, शाम को ली है। और सिरदर्द अब बढ़ गया है।’

सिस्टरने गोळ्यांच्या पट्टीवरचं नाव वाचलं आणि उठून उभ्या राहिल्या. दोन मिनिटांत अण्णा आत होते, हातावरची पट्टी लाल.

तिथे मुलाचा चढा आवाज काम करत नव्हता, सुनेची माहिती करत होती. हे मुलाला कमी लेखण्यासाठी म्हणत नाही. इमर्जन्सीत ‘लवकर बघा’ हे वाक्य प्रत्येकजण म्हणतो, त्यातून सिस्टरला नवीन काही कळत नाही. ‘आल्यापासून हा बदल झाला आहे’ हे वाक्य मात्र क्रम बदलू शकतं. डोकेदुखी वाढणं, पुन्हा उलटी, बोलण्यात गोंधळ, झोप अनावर होणं, एका बाजूचा हात किंवा पाय जड वाटणं, यातलं काहीही दिसलं तर खुर्चीत बसून वाट पाहायची नाही, उठून सांगायचं. संकोच करायचा नाही.

आत काय झालं

आत तेच प्रश्न पुन्हा विचारले गेले, आधी कनिष्ठ डॉक्टरांनी, मग वरिष्ठांनी. नातेवाईक यावर वैतागतात. पण दुसऱ्यांदा विचारताना डॉक्टरांनी अण्णांनाच विचारलं, ‘आधी चक्कर आली आणि मग पडलात, की आधी पाय घसरला?’ पाय घसरला, फरशी ओली होती. या एका उत्तराने हृदयाचे ठोके थांबून शुद्ध गेली असेल ही शंका कमी झाली. तरीही ईसीजी काढला. आणि ‘या आठवड्यात आणखी कुठलं औषध घेतलं का?’ या प्रश्नावर मेट्रोनिडाझोल बाहेर आलं.

मानेला तपासणी होईपर्यंत कॉलर लावली. पाणी मागितलं तर दिलं नाही. पत्नीला ते फार लागलं, ‘घोटभर पाणीसुद्धा नाही?’ उलटी होऊन ती श्वासनलिकेत जाऊ शकते, आणि शस्त्रक्रिया लागली तर पोट रिकामं हवं, म्हणून. एका वाक्यात समजावलं असतं तर त्यांना इतकं वाईट वाटलं नसतं.

१२:५० ला सीटी झाला. यंत्रावर प्रत्यक्ष वेळ काही मिनिटांचाच. मेंदू आणि कवटी यांच्या मध्ये उजव्या बाजूला रक्ताचा पातळ थर, सहा मिलिमीटर. सबड्युरल हिमॅटोमा. मेंदू सरकलेला नव्हता. आयएनआरचा रिपोर्ट थोड्या वेळाने आला : ३.९.

पर्याय आणि निर्णय

आता डॉक्टरांपुढे खरा तोलून बघण्याचा प्रश्न होता. रक्त गोठवायचं तर हृदयात गुठळी होण्याची भीती. तसंच ठेवायचं तर मेंदूवरचा रक्ताचा थर वाढत जाण्याची भीती. पहिल्या काही तासांत दुसरी भीती कितीतरी मोठी असते, त्यामुळे औषधाचा परिणाम उलटवायचा यावर दुमत नव्हतं. कसा, हा प्रश्न होता. शिरेतून व्हिटॅमिन के दिलं, पण त्याचा परिणाम व्हायला काही तास लागतात. तोवरच्या वेळासाठी दोन मार्ग. एक म्हणजे रक्तपेढीतला गोठवलेला प्लाझ्मा, म्हणजे रक्तातला द्रव भाग : स्वस्त, पण वितळवायला वेळ जातो आणि बराच द्यावा लागतो, हृदयाच्या रुग्णाला तेवढं पाणी सोसत नाही. दुसरा म्हणजे प्रोथ्रॉम्बिन कॉम्प्लेक्स नावाचं इंजेक्शन : थोडंच द्यावं लागतं, काही मिनिटांत परिणाम दिसतो, पण महाग. डॉक्टरांनी मुलाला बाजूला नेऊन दोन्ही मार्ग, दोन्हींचे धोके आणि खर्च सांगितला. दीड वाजता इंजेक्शन दिलं गेलं. नंतरच्या तपासणीत आयएनआर १.३.

याच सुमारास पुण्याहून थोरल्या मुलाचा फोन. त्याचं म्हणणं, इथे नका ठेवू, अँब्युलन्सने मुंबईला हलवा, नाहीतर निदान दुसऱ्या मोठ्या रुग्णालयात. अंतराने आलेली असहायता असते ती, मी तिला नावं ठेवणार नाही. धाकट्याने फोन थेट न्यूरोसर्जनकडे दिला, हे फार चांगलं केलं. न्यूरोसर्जनने सीटीची चित्रं घरूनच मोबाइलवर पाहिली होती आणि ते निघाले होते. त्यांनी दोन गोष्टी सांगितल्या. आत्ता शस्त्रक्रियेची गरज नाही, पण पुढच्या सहा तासांत लागू शकते, आणि ते सहा तास रस्त्यावर घालवायचे की अतिदक्षता विभागात हे तुम्ही ठरवा. थोरला गप्प झाला, मग म्हणाला, ‘तिथेच राहू दे.’

डॉक्टरी सल्ल्याविरुद्ध रुग्णालय सोडण्याचा हक्क रुग्णाला असतो, त्यासाठी कागदावर सही करावी लागते. पण सही करण्याआधी निदान एवढं विचारावं : वाटेत बिघडलं तर काय होईल, आणि पुढच्या ठिकाणी बेड आहे का? इथे दोन्ही उत्तरं स्थलांतराच्या विरुद्ध होती.

भरतीच्या वेळी खर्चाचा विषय निघाला. ऑक्टोबर २०२४ पासून सत्तरी ओलांडलेल्या सर्वांना उत्पन्नाची अट न ठेवता आयुष्मान भारत योजनेत वर्षाला कुटुंबामागे पाच लाखांपर्यंतचं संरक्षण मिळतं. त्यासाठी वय वंदना कार्ड काढावं लागतं. अण्णांचं कार्ड काढायचं राहिलं होतं. त्या रुग्णालयाचा योजनेत समावेश होता म्हणून सकाळी आधार कार्डावरून काम झालं, पण रात्री दोन वाजता पैसे नातेवाइकांकडून उसने आणावे लागले. कार्ड काढायला मोबाइल आणि आधार पुरतं. हे वाचणाऱ्यांच्या घरात सत्तरीच्या पुढचं कुणी असेल तर कृपया ते काम या आठवड्यात करा.

परिणाम

सकाळी सातला पुन्हा सीटी झाला. थर तेवढाच होता. शस्त्रक्रिया करावी लागली नाही. सहाव्या दिवशी अण्णा घरी आले. रक्त पातळ ठेवणारी गोळी बंद, आणि ती बंद असल्याची भीती घरभर. महिन्याभराने तिसरा सीटी झाला, रक्त शोषलं गेलेलं दिसलं. मग न्यूरोसर्जन आणि हृदयरोगतज्ज्ञ दोघांनी मिळून अपिक्साबॅन हे रक्त पातळ ठेवणारं नवं औषध सुरू केलं. त्याला वारंवार आयएनआर लागत नाही आणि मेंदूत रक्तस्रावाची शक्यता जुन्या गोळ्यांपेक्षा कमी असते. हृदयात धातूची झडप बसवलेल्यांना मात्र हे औषध चालत नाही, त्यांना जुनीच गोळी घ्यावी लागते. म्हणून शेजाऱ्याचं बघून बदल करू नये. पोलीस एकदाच आले, रुग्णालयातच. अण्णांनी स्वतः दहा ओळींची हकीगत सांगितली आणि सही केली.

काय वेगळं करता आलं असतं

रुग्णालयाच्या बाजूने बघितलं तर मला एक गोष्ट सगळ्यांत महत्त्वाची वाटते. ट्रायाजच्या कागदावर ‘चालू औषधे’ ही एक ओळ पुरेशी नाही. डोक्याला मार लागलेल्या प्रत्येकाला ‘रक्त पातळ ठेवणारी गोळी घेता का?’ असा वेगळा, थेट प्रश्न हवा, आणि तो रुग्णालाच विचारायला हवा. उत्तर ‘माहीत नाही’ असेल तर गोळ्या बघायच्या. इंग्रजी वैद्यकीय नावांची यादी सिस्टरसमोर भिंतीवर असावी : वॉर्फरिन, असेनोकुमॅरॉल, डॅबिगॅट्रान, रिव्हरोक्साबॅन, अपिक्साबॅन, आणि सोबत क्लोपिडोग्रेल, अॅस्पिरिन. त्या सिस्टरने मला सांगितलं की आता त्यांच्या कागदावर तो वेगळा रकाना आला आहे. गर्दीच्या ठरलेल्या रात्री दारावर दुसरी व्यक्ती द्यावी ही तिची मागणी मात्र मी बोलले तेव्हा मान्य झालेली नव्हती.

पहिला दीड तास घरी गेला, त्याबद्दल कुटुंबाला दोष द्यावा असं मला वाटत नाही. शुद्ध गेली नाही, रक्त आलं नाही, माणूस चालतोय, अशा वेळी कुणीही थांबेल. पण नियम सरळ आहे आणि तो माहीत असायला हवा : रक्त पातळ ठेवणाऱ्या औषधावरच्या माणसाच्या डोक्याला मार लागला तर लक्षणं नसली तरी त्याच दिवशी रुग्णालयात दाखवायचं. उलटीची वाट पाहायची नाही. पुढचा डोस घ्यायचा की नाही हेही तिथेच विचारायचं. आपल्या मनाने दिवसेंदिवस बंद ठेवणंही धोक्याचं.

औषधांचा डबा उचलून नेणं हे सुनेने केलेलं सगळ्यांत उपयोगी काम. त्याहून बरं म्हणजे पाकिटात एक चिठ्ठी : औषधाचं नाव, कशासाठी, कधी घेतात, शेवटचा आयएनआर, कसली अॅलर्जी. अण्णांच्या पाकिटात आता तशी चिठ्ठी आहे, अक्षर त्यांचंच, शिक्षकी. डॉक्टरांशी बोलायला एकच जण ठरवावा आणि बाकीच्यांना त्यानेच सांगावं, म्हणजे तीन जणांना तीन वेगळ्या गोष्टी कळत नाहीत. आणि नंतर कागदपत्रं मागून घ्यावीत. वैद्यकीय परिषदेच्या २००२ च्या नियमांप्रमाणे मागणी केल्यापासून ७२ तासांत नोंदी द्याव्या लागतात. या कुटुंबाने मागितल्या म्हणून ‘बीपी, हार्ट’ ही नोंद दिसली.

एक शेवटची बाब, कारण ती या प्रकरणात घडली नाही पण अनेकांच्या बाबतीत घडते. पहिला सीटी स्वच्छ येतो, सगळे सुटकेचा श्वास टाकतात, आणि डॉक्टर ‘आज रात्र इथेच थांबा’ म्हणतात तेव्हा बिल वाढवायला थांबवतायत असा संशय येतो. रक्त पातळ असताना उशिराने रक्तस्राव सुरू होऊ शकतो, म्हणून ही देखरेख असते. घरी सोडलं तरी पहिले २४ तास रुग्णाजवळ कुणीतरी हवं. म्हाताऱ्या माणसांत तर काही आठवड्यांनीही हळूहळू रक्त साचू शकतं : डोकेदुखी राहते, चाल बिघडते, विसरभोळेपणा अचानक वाढतो, आणि घरचे म्हणतात वय झालं. महिन्यापूर्वी पडल्याचं कुणाला आठवतही नसतं. अशा वेळी इमर्जन्सीच्या दारावर पहिलं वाक्य हेच असावं : ‘महिन्यापूर्वी हे पडले होते, आणि रक्त पातळ ठेवणारी गोळी चालू आहे.’